दहा मार्कांची भिंत

"तुम्हाला माहीत आहे का?"

हे चार शब्द ऐकले की आपल्या होस्टेलवर दोन प्रकारची माणसं दिसतात. पहिली "काय, काय?" म्हणत खुर्ची पुढे ओढतात, दुसरी "झालं हिचं सुरू" म्हणत कानात हेडफोन घालतात. मी स्वतः तिसऱ्या प्रकारातली. म्हणजे हे चार शब्द बोलणारी. मेसच्या रांगेत, लॅबमध्ये, सबमिशनच्या आदल्या रात्री, कुठेही. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, केळं हे वनस्पतीशास्त्राच्या व्याख्येत 'बेरी' आहे आणि स्ट्रॉबेरी नाही, असलं काहीतरी माझ्याकडे कायम स्टॉकमध्ये असतं. (ही दोन्ही खरी आहेत. तपासली आहेत. का तपासली, तेच पुढे सांगायचं आहे.)

आधी एक कबुली. माझी शाळा कॉन्व्हेंट. घरी मराठी बोलतो, पण मराठी लिहायची वेळ फक्त परीक्षेत यायची आणि 'एकोणसत्तर' म्हणजे ५९, ६९ की ७९ यावर मी अजूनही दोन सेकंद अडखळते. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख लिहिते म्हटल्यावर रूममेट आधी पोटभर हसली आणि मग शुद्धलेखन तपासायला बसली. तरी उरलेल्या चुका माझ्याच. लेख मराठीतच का, तेही कळेल.

काय झालं होतं?

यंदाच्या गॅदरिंगची होस्टेल क्विझ तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. क्विझमास्टर मी होते. चाळीस प्रश्न मीच काढले होते, सगळे इंग्लिशमधून. फायनलला थर्ड इयरची टीम आणि फर्स्ट इयरची टीम. शेवटचा बझर राउंड. बरोबर उत्तराला अधिक दहा, चुकलं तर उणे दहा आणि प्रश्न समोरच्या टीमकडे. स्कोअर होता ७०-६५, फर्स्ट इयर पुढे.

शेवटचा प्रश्न: चंद्रावरून नुसत्या डोळ्यांनी दिसणारी एकमेव मानवनिर्मित वस्तू कोणती?

फर्स्ट इयरच्या एका मुलानं बझर दाबला. बुलढाणा जिल्ह्यातला, बारावीपर्यंत मराठी मीडियम. उभा राहिला आणि मराठीतच म्हणाला, "कुठलीच नाही."

मी माईकमध्ये मोठ्या ऐटीत म्हटलं, "सॉरी, राँग आन्सर!" सगळा हॉल हसला. मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, चीनची भिंत तरी ऐकलीयेस का?" थर्ड इयरनं 'चीनची भिंत' सांगितलं, दहा मार्क घेतले. ७०-६५ चं ६०-७५ झालं. ट्रॉफी गेली, प्रत्येकी पाचशे रुपये गेले. तो मुलगा काहीतरी बोलायला बघत होता, पण मी तोपर्यंत आभारप्रदर्शनाकडे वळले होते.

दुसऱ्या दिवशी मेसच्या रांगेत तो मागे येऊन उभा राहिला. हातात जर्नलचा फाडलेला कागद. म्हणाला, "ताई, एक मिनिट बघता का?"

कागदावरचं गणित

कागदावर फक्त पाच ओळी होत्या. आपला निरोगी डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन ओळखू शकतो. त्याहून लहान असेल तर वस्तू आजूबाजूच्या गोष्टींत विरघळून जाते. या कोनाचं गणित मांडलं तर येतं, की एखादी वस्तू तिच्या रुंदीच्या साधारण ३,४३८ पट अंतरावर गेली की डोळ्याची मर्यादा आली.

आता चंद्र किती लांब? सरासरी ३,८४,४०० किलोमीटर. भागिले ३,४३८. उत्तर जवळजवळ ११२ किलोमीटर. म्हणजे चंद्रावरून दिसायला वस्तू ११२ किलोमीटर *रुंद* हवी. मुंबईच्या सीएसएमटीपासून लोकलनं कर्जत १०० किलोमीटरवर आहे. भिंत तिथून पुढे गेली पाहिजे, तीही आडवी! चीनच्या भिंतीची रुंदी बहुतेक ठिकाणी पाच-सहा मीटर. ती हजारो किलोमीटर लांब आहे हे खरं, पण लांबीचा इथे फारसा उपयोग नाही. एक केस कितीही लांब असला तरी मैदानाच्या पलीकडून दिसतो का?

मी म्हटलं, "बरं, चंद्र सोड. अंतराळातून तर दिसत असेल?" त्यानं कागद उलटा केला. तिथेही गणित तयार! आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं. ४०० किलोमीटर भागिले ३,४३८ म्हणजे ११६ मीटर. आता इथे एक पळवाट आहे. रंगात ठळक फरक असेल तर लांब रेघ डोळ्याला थोडी लवकर दिसते. आकाशाच्या पार्श्वभूमीवर विजेची तार दिसते तशी. पण भिंत तिथल्याच माती-दगडांची, तिथल्याच रंगाची. ऑक्टोबर २००३ मध्ये चीनचे पहिले अंतराळवीर यांग लीवेई परत आले, तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं की मला भिंत दिसली नाही. २००४ मध्ये अंतराळ स्थानकावरून लेरॉय चियाओ यांनी लेन्स लावून फोटो काढले आणि त्यात भिंतीचा तुकडा आला, पण नुसत्या डोळ्यांनी आपण ती पाहिली असं त्यांनाही खात्रीनं म्हणता आलं नाही. उलट रात्री शहरांचे दिवे तिथून अगदी सहज दिसतात. म्हणजे 'एकमेव' हा शब्दसुद्धा गेला.

सगळ्यात कहर पुढे आहे. ही चंद्रावरून दिसणारी भिंत 'बिलीव्ह इट ऑर नॉट' या रिप्ले यांच्या प्रसिद्ध चित्रमालिकेत १९३२ मध्ये छापून आली होती. माणूस अंतराळात पहिल्यांदा गेला १९६१ मध्ये आणि चंद्रावर उतरला १९६९ मध्ये. म्हणजे तिथे जाऊन कोणी बघायच्या ३७ वर्षं आधीच तिथून काय दिसतं ते छापून मोकळे!

मला काय बोलावं सुचेना. मी म्हटलं, "सॉरी रे. पाचशे रुपये पण गेले तुमचे."

तो म्हणाला, "पाचशेचं काही नाही ताई. पण सगळे हसले ना."

वरण घेताना माझा हात थरथरत होता हे मेसच्या मावशींनीसुद्धा पाहिलं. 

चाळीस प्रश्नांची तपासणी

त्या रात्री मी माझी चाळीस प्रश्नांची फाइल उघडली. प्रत्येक प्रश्नापुढे लिहिलं, हे मला कुठून कळलं? बहुतेकांपुढे एकच उत्तर: 'कुठेतरी वाचलं', 'शाळेत ऐकलं', 'व्हॉट्सअ‍ॅपवर आलं'. थर्मोच्या पेपरात मी असं लिहिलं असतं तर सरांनी पानावर लाल भोपळाच काढला असता.

मग पुढचे तीन आठवडे लायब्ररी आणि इंटरनेट. चाळिसातले काही साफ खोटे निघाले, काही अर्धवट खरे, काहींची उत्तरं काळानुसार बदललेली आणि काही खरे. त्यातले निवडक इथे देते.

१. काच वाहते का?

माझा प्रश्न होता: खोलीच्या तापमानाला हळूहळू वाहणारा 'द्रव' कोणता? उत्तर: काच. पुरावा म्हणून सांगतात की युरोपातल्या जुन्या चर्चच्या खिडक्यांच्या काचा खालच्या बाजूला जाड असतात, म्हणजे शेकडो वर्षांत काच खाली ओघळली. आमच्या शाळेच्या चॅपलच्या खिडकीकडे बघत हे मी कित्येकदा मैत्रिणींना सांगितलं आहे.

खरी गोष्ट अशी. काचेत अणूंची रचना स्फटिकासारखी शिस्तीत नसते, द्रवासारखी विस्कळीत असते, एवढं बरोबर. पण खोलीच्या तापमानाला तिचा चिकटपणा इतका प्रचंड असतो की ती घन पदार्थासारखीच वागते. १९९८ मध्ये ब्राझीलचे एडगर झानोट्टो यांनी हिशोब मांडला, तर काच वाहताना दिसायला विश्वाच्या वयापेक्षाही कितीतरी जास्त काळ लागेल असं आलं. नंतर अमेरिकेतल्या संशोधकांनी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेच्या मध्ययुगीन काचेसारखी काच बनवून मोजमाप केलं. ती अंदाजापेक्षा बरीच 'पातळ' निघाली, पण म्हणजे किती? शंभर कोटी वर्षांत जास्तीत जास्त एक नॅनोमीटर!

मग काचा खाली जाड का? कारण त्या काळी काचेचा गोळा फुगवून, गरागरा फिरवून त्याची तबकडी करत आणि मग तुकडे कापत. तबकडी सगळीकडे सारख्या जाडीची होणं शक्यच नव्हतं. बसवणारा कारागीर जाड बाजू खाली ठेवायचा असं म्हणतात, पण जाड बाजू वर किंवा आडवी असलेल्या जुन्या काचाही सापडतात. मॅन्युफॅक्चरिंगवाल्यांनो, ऐकताय ना? दोष गुरुत्वाकर्षणाचा नव्हता, टॉलरन्सचा होता.

२. बेसिनमधला भोवरा

उत्तर गोलार्धात बेसिनमधलं पाणी घड्याळाच्या उलट दिशेनं फिरत जातं आणि दक्षिण गोलार्धात घड्याळाच्या दिशेनं, असं आपण सगळ्यांनी ऐकलंय. कारण कोरिऑलिस बल, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम.

आमच्या मजल्यावर सहा बेसिन आहेत. मी आणि रूममेटनं सगळी भरून सोडून पाहिली. चार एका दिशेला, दोन दुसऱ्या दिशेला. म्हणजे होस्टेलच्या एकाच मजल्यावर दोन्ही गोलार्ध!

कारण सरळ आहे. पृथ्वी एक फेरी मारायला एक दिवस घेते. त्या मानानं नळाची धार, बेसिनचा आकार, आपण बूच ओढताना दिलेला झटका यांनी पाण्याला मिळालेली गिरकी कितीतरी जोरात असते. कोरिऑलिस बिचारा तिथे कुठच्या कुठे हरवतो.

पण ही गोष्ट अगदीच खोटी नाही, म्हणून मी ती 'अर्धवट खरी' या गटात टाकली. १९६२ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या अ‍ॅशर शपिरो यांनी सहा फूट व्यासाची गोल टाकी घेतली, पाणी भरलं आणि चोवीस तास हात न लावता शांत होऊ दिलं. मग मधोमध असलेलं छोटं भोक अलगद उघडलं. पाणी बराच वेळ सरळ गेलं आणि शेवटी खरोखर घड्याळाच्या उलट फिरू लागलं. १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीला तसाच प्रयोग झाला, तिथे ते घड्याळाच्या दिशेनं फिरलं. म्हणजे चोवीस तास थांबायची तयारी असेल तर भोवरा पृथ्वीचं ऐकतो. मेसला जायची घाई असेल तर नाही.

शिवाय हा परिणाम अक्षांशाच्या साइनवर अवलंबून असतो. शपिरो होते बॉस्टनजवळ, ४२ अंशांवर. त्याचा साइन ०.६७. पुण्याचा अक्षांश साडेअठरा, साइन ०.३२. म्हणजे आपल्याकडे तो निम्म्याहून कमी. मोठ्या गोष्टींवर मात्र तो राज्य करतो. मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळाची उपग्रहानं काढलेली चित्रं बघा. शेकडो किलोमीटरचा ढगांचा भोवरा, घड्याळाच्या उलट दिशेनं.

३. जिभेचा नकाशा

शेंड्यावर गोड, कडेला आंबट-खारट, मागे कडू. हा नकाशा मी शाळेत रंगीत खडूंनी काढला होता आणि 'व्हेरी गुड'सुद्धा मिळवलं होतं.

याची सुरुवात १९०१ मध्ये हेनिग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञापासून झाली. जिभेच्या वेगवेगळ्या भागांची संवेदनशीलता किंचित कमी-जास्त असते, एवढंच त्यांनी मोजलं होतं. १९४२ मध्ये एडविन बोरिंग यांच्या पुस्तकात ती माहिती अशा आलेखात आली की छोटा फरक मोठा वाटावा. पुढे लोकांनी त्याचे 'झोन' करून टाकले. खरं म्हणजे चवीच्या कळ्या असलेल्या सगळ्या भागांना सगळ्या चवी कळतात. आणि चवी तरी चारच कुठे? १९०८ मध्ये जपानच्या किकुने इकेदा यांनी 'उमामी' ही वेगळी चव ओळखली.

हे तपासायला लॅब लागत नाही. मेसमधली चिंचेची चटणी नुसत्या जिभेच्या टोकाला लावा. डोळा मिटला की समजा, टोकाला आंबट कळतं. एवढं सोपं होतं हो! पण चित्र रंगवताना आमच्या पूर्ण वर्गात एकीनंही जीभ बाहेर काढून पाहिली नाही.

४. शुक्राचा 'दिवस' नक्की कोणता?

प्रश्न: कोणत्या ग्रहाचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा असतो? उत्तर: शुक्र. स्वतःभोवती एक फेरी २४३ दिवसांत, सूर्याभोवती एक फेरी २२५ दिवसांत. उत्तर बरोबर! पण थांबा. आपण 'दिवस' कशाला म्हणतो? एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत. शुक्र उलट्या दिशेनं फिरतो, त्यामुळे तिथे सूर्योदय ते सूर्योदय हा काळ आपल्या फक्त ११७ दिवसांचा आहे. म्हणजे या अर्थानं शुक्राचा दिवस वर्षाच्या जवळपास निम्मा.

आणि ११७ काढायचे कसे? इलेक्ट्रिकलवाल्यांना आवडेल: २४३ आणि २२५ ओहमचे रेझिस्टर पॅरलल जोडा. २४३ गुणिले २२५, भागिले ४६८. उत्तर ११६.८. सूत्र तेच आहे!

५. लोणारचं वय

हा प्रश्न मी क्विझमध्ये विचारला होता आणि उत्तर 'सुमारे ५० हजार वर्षं' धरलं होतं. तो मुलगा बुलढाण्याचा, त्यामुळे मेसमधल्या त्याच भेटीत मी विचारलं, "हे तरी बरोबर होतं ना?" तो हसला. "ताई, आमच्या गावात तीन उत्तरं मिळतात. तुमचं जुनं आहे, आता नवीन आहे आणि तिसरं आजीचं." (आजीचं उत्तर म्हणजे लवणासुराची गोष्ट. विष्णूनं त्याला मारलं, म्हणून 'लोणार'.)

लोणारचं विवर बेसॉल्ट खडकात उल्का आदळून झालेलं आहे. व्यास जवळपास १.८ किलोमीटर. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली. आपला दख्खन ज्वालामुखीच्या लाव्हाचा, म्हणून बराच काळ हे ज्वालामुखीचंच तोंड असावं असं वाटत होतं. १९७० च्या दशकात तिथल्या खडकात प्रचंड धक्क्यानंच तयार होणारी काच सापडली आणि उल्केचा आघात सिद्ध झाला.

वयासाठी दोन वेगवेगळी 'घड्याळं' वापरली गेली. खडक तापला की त्यात साठलेली ऊर्जा रिकामी होते आणि पुन्हा हळूहळू साठू लागते. ती मोजून काढलेलं वय ५२ हजार वर्षं आलं. दुसरं घड्याळ पोटॅशियम-आर्गॉनचं. खडक वितळताना त्यातला आर्गॉन वायू निघून जातो आणि नंतर पोटॅशियमच्या ऱ्हासातून नव्यानं जमतो. त्या पद्धतीनं २०११ च्या सुमारास उत्तर आलं ५ लाख ७० हजार वर्षं. दहा पटींहून जास्त!

म्हणजे माझं उत्तर खोटं नव्हतं, शिळं होतं. पोळीला जशी बनवल्याची वेळ असते तशी उत्तरालाही तारीख असते, हे मला तेव्हा कळलं. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, तेव्हाही काय काय फॉरवर्ड फिरले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासून सांगितलं की खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला.

खरं निघालेलं, आणि जास्त भन्नाट!

आता चांगली बातमी. तपासता तपासता अशा खऱ्या गोष्टी सापडल्या की माझ्या चाळीस प्रश्नांपेक्षा त्याच जास्त मजेदार होत्या.

मुंबई ३९ मिनिटं मागे होती. भारताची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून आली. ती साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून ठरते. पण मुंबईनं ती लगेच मानली नाही. गिरणी कामगारांपासून महानगरपालिकेपर्यंत विरोध झाला आणि 'बॉम्बे टाइम' शहरात थेट १९५५ पर्यंत टिकला! ३९ मिनिटं का? पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. मुंबईचा रेखांश ७२.८. फरक ९.७ अंश, गुणिले चार, ३९ मिनिटं. तसंच पुण्याला ३५ आणि नागपूरला १४ मिनिटांचा फरक येतो. म्हणजे पुण्यात सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नाही, सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांनी. वर्षभरात हे पंधरा-सोळा मिनिटं मागेपुढे होतं. गच्चीवर एक काठी उभी करा आणि सावली सगळ्यात लहान कधी होते ते बघा. आठच्या लेक्चरला उशीर झाला तर "सर, मी सूर्याच्या वेळेनं आलो" हे कारण मात्र चालत नाही. प्रयत्न झालेला आहे.

उपवासाची खिचडी 'फॉरेनची' आहे. एकादशीला मेसमध्ये काय असतं? साबुदाणा: कसाव्याच्या कंदापासून बनतो, कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणे: दक्षिण अमेरिका. बटाटा: दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत. हिरवी मिरची: तीही अमेरिका खंडाची. कोलंबस तिकडे पोहोचला १४९२ मध्ये, वास्को द गामा कालिकतला आला १४९८ मध्ये आणि त्यानंतर पोर्तुगीजांच्या जहाजांतून यातलं बरंचसं आपल्याकडे आलं. ज्ञानेश्वरी लिहिली गेली १२९० मध्ये. त्या काळी महाराष्ट्रात कोणाच्याही ताटात मिरची नव्हती! तिखट लागायचं ते मिरी, पिंपळी आणि आल्याचं. खिचडीतलं आपलं खास म्हणाल तर तूप. घरी आजीला फोनवर हे सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "आमच्याकडे भगर पण असते गं." आजीला पूर्ण दहा मार्क, भगर खरंच आपल्याकडची.

आपण रोज पोर्तुगीज बोलतो. पाव, बटाटा, चावी आणि पगार हे शब्द पोर्तुगीजमधून आलेत. सिव्हिलवाल्यांच्या साइटवरचं घमेलंसुद्धा! मला इंग्लिश मीडियमचा उगाच न्यूनगंड होता की माझी मराठी मिश्र आहे. आता कळलं, ती आधीपासूनच हिंडून-फिरून आलेली आहे.

क्लिओपात्रा आपल्या जवळची. गिझाचा मोठा पिरॅमिड इसवी सनापूर्वी सुमारे २५६० मध्ये बांधला गेला. क्लिओपात्रा वारली इसवी सनापूर्वी ३० मध्ये. म्हणजे पिरॅमिड तिच्यासाठी अडीच हजार वर्षांपूर्वीचा 'इतिहास' होता. आणि माणूस चंद्रावर गेला तो तिच्यानंतर दोन हजार वर्षांच्या आतच. ती पिरॅमिडपेक्षा चंद्राच्या सफरीला जवळ आहे.

मग तपासायचं कसं?

मी काही आता शहाणी झाले नाही, पण तीन प्रश्न रूमच्या दारामागे चिकटवले आहेत.

एक: हे कोणी पाहिलं आणि केव्हा? (१९३२ मध्ये चंद्रावर कोणीच नव्हतं.)

दोन: आकडा घालून बघितला का? आपण इंजिनियर होणार आहोत. पाच ओळींचं गणित करायला कॅल्क्युलेटर प्रत्येकाच्या खिशात आहे. आणि गणित जमत नसेल तर चिंचेची चटणी तरी आहेच.

तीन: शब्दाचा अर्थ आणि उत्तराची तारीख ठरली आहे का? (शुक्राचा 'दिवस', लोणारचं वय.)

चौथा प्रश्न मी नंतर पेनानं लिहिला, कारण तो फक्त माझ्यासाठी आहे: समोरच्याचं उत्तर नीट ऐकलं का? त्या दिवशी हॉलमध्ये बरोबर उत्तर एकालाच येत होतं. ते मराठीत होतं, हळू आवाजात होतं, आणि माझ्याकडे माईक होता. त्याचं उत्तर इंग्लिशमध्ये, झोकात आलं असतं, तर मी "का बरं?" असं एकदा तरी विचारलं असतं का? खरं सांगायचं तर बहुतेक विचारलं असतं. याची मला त्या दहा मार्कांपेक्षा जास्त लाज वाटते. म्हणून हा लेख मराठीत. ज्याची माफी मागायची, ती त्याला आपली वाटेल अशा भाषेत मागावी. आणि ती भाषा माझीही आहेच की.

थर्ड इयरच्या टीमला मी हे सगळं सांगितलं. त्यांच्या कॅप्टननं आधी "आता काय त्याचं" म्हटलं, मग दोन दिवसांनी स्वतःहून ट्रॉफी फर्स्ट इयरच्या मजल्यावर नेऊन ठेवली. रेक्टर सरांनी पुढच्या वर्षापासून प्रश्न मराठी आणि इंग्लिश दोन्हींत वाचायला परवानगी दिली आहे. प्रश्न मी काढणार, पण तपासणार तो. अट त्याची: प्रत्येक प्रश्नापुढे 'कुठून कळलं' हा रकाना हवा.

शेवटी संपादक मंडळाला एक विनंती. गॅदरिंगच्या अहवालात होस्टेल क्विझच्या फायनलचा स्कोअर ७५-६० असा छापला जाणार आहे. कृपया दुरुस्ती करावी. फर्स्ट इयर ८०, थर्ड इयर ६५.

आणि वाचकांनो, या लेखात कुठे चूक सापडली तर गणितासकट कागद घेऊन या. मेसच्या रांगेत भेटूच. या वेळी नीट ऐकेन.